सोलापुरात डिझाइनच्या विद्यार्थ्याचा एक दिवस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेक्स्टाइल, ग्राफिक, प्रॉडक्ट कोणत्याही शाखेचे विद्यार्थी सोलापूरला ‘बघायला’ यायचं ठरवतात, तेव्हा मला साधारण हेच प्रश्न येतात. उत्तरं एका जागी असावीत म्हणून ही लिहून ठेवली आहेत.

सोलापुरात डिझाइन बघण्यासारखं एखादं मोठं संग्रहालय आहे का?

मुंबई-पुण्यासारखं, सकाळी आत शिरलात की संध्याकाळी बाहेर पडाल असं एकही नाही. त्यामुळे ‘तिथे काय आहे बघायला?’ असं विचारणारे अर्ध्या वाटेवरून परत फिरतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. या गावात वस्तू अजून बनतात. संग्रहालयात काचेआड ठेवलेल्या कापडाचा फक्त शेवट दिसतो. कशाच्या आधी काय झालं, कुठे अडलं, कोणत्या मर्यादेमुळे नक्षी तशी वळली, हे कळायला माग चालू असलेला बघावा लागतो. सोलापुरात तो बघता येतो. त्याच्या जोडीला किल्ला आहे, स्मारक आहे, चार भाषांतल्या पाट्या आहेत. एका दिवसात हे सगळं घाईघाईनं उरकण्यापेक्षा दोन ठिकाणं नीट बघा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

दिवसाचा क्रम कसा लावावा?

सकाळी उजेड कोवळा असताना भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव. हे दोन्ही लागूनच आहेत. दहा-साडेदहाच्या सुमारास चादरीचा कारखाना. जेवण. दुपारी ऊन असतं, तेव्हा डॉ. कोटणीस स्मारकासारखी छताखालची जागा. उन्हं उतरली की शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या पेठांमध्ये, पायी फिरणं.

मुंबईहून येणाऱ्यांना सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोयीची पडते : रात्री निघायचं, सकाळी पोचायचं, आणि त्याच रात्री परतीची गाडी. पुण्याहून येणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेसनं येऊन मुक्काम करावा. वेळा बदलत असतात, निघण्याआधी बघून घ्या.

चादरीच्या कारखान्यात नेमकं काय बघायचं? सगळं यंत्रच तर करतं.

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून याचं उत्तर लांब आहे.

आधी चादर हातात घ्या आणि उलटी करा. सोलापुरी चादरीची नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, फक्त रंगांची अदलाबदल झालेली असते. समोर लाल जमिनीवर पांढरा मोर असेल, तर मागे पांढऱ्या जमिनीवर लाल मोर. हे छापून होत नाही. दोन रंगांचे दोन ताणे, म्हणजे उभ्या धाग्यांचे संच, एकावर एक असतात, त्यांची दोन कापडं एकाच वेळी विणली जातात, आणि जिथे नक्षीची कड येते तिथे वरचं कापड खाली जातं व खालचं वर येतं. या अदलाबदलीतच दोन्ही थर एकमेकांना धरून राहतात. म्हणजे इथे नक्षी हाच सांधा आहे. नक्षी नसलेला मोठा सपाट भाग ठेवला, तर त्या भागात दोन थर सुटे राहतील आणि कापड पिशवीसारखं फुगेल. म्हणून चादरीचा मधला भागही सहसा मोकळा सोडलेला नसतो. ‘नक्षी फार दाट आहे, जरा मोकळी हवी’ असं म्हणणाऱ्यानं आधी हे समजून घ्यावं. ती दाटी हौसेपायी आलेली नाही, कापड एकत्र राहावं म्हणून आली आहे.

मग मागावर नजर न्या. माथ्यावर जकार्ड, म्हणजे नक्षीप्रमाणे उभे धागे उचलणारं यंत्र, बसवलेलं असतं. फ्रान्समधल्या लियाँ शहरात जोसेफ मारी जकार्ड यानं १८०४ च्या सुमारास जे यंत्र सिद्ध केलं, त्याचंच हे घराणं. जुन्या पद्धतीच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ वरून फिरत असते. जिथे भोक, तिथे सुई आरपार जाते आणि तिच्या हुकाचा धागा उचलला जातो. जिथे भोक नाही, तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. उचललेल्या आणि खाली राहिलेल्या धाग्यांमधून आडवा धागा घेऊन धोटा पलीकडे जातो. एक कार्ड, एक आडवा धागा. पुढचं कार्ड, पुढचा धागा. आता अनेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं आहे आणि पुठ्ठे गेले आहेत, पण तत्त्व तेच. भोक आहे किंवा नाही, या दोनच उत्तरांवर अख्खा मोर उभा राहतो. संगणकाच्या पडद्यावर चित्र काढणाऱ्या मुलामुलींना हे डोळ्यांनी बघताना पाहणं, हा माझ्यासाठी या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात आनंदाचा क्षण असतो.

शक्य झालं तर कार्डांची जुनी माळ हातात घेऊन बघायला मागा. नक्षी वाचता येते का, प्रयत्न करा.

आलेख कागदावर काढलेली नक्षी ताणल्यासारखी, बेढब का दिसते?

कारण कापडात उभे आणि आडवे धागे सारख्या दाटीचे नसतात. समजा इंचाला ४० उभे धागे आहेत आणि ३० आडवे. एक इंचाचा चौकोन विणायचा, तर कागदावर रुंदीत ४० घरं आणि उंचीत ३० घरं भरावी लागतील. साध्या चौकोनी घरांच्या कागदावर तो चौकोन आडवा पसरट दिसेल. मागावर चढला की पुन्हा चौकोन होईल. जुने नक्षीकार यासाठी वेगवेगळ्या प्रमाणात आखलेला कागद वापरत, आणि काही जण पसरट कागदाकडे बघून कापडावरचं रूप मनातच ओळखत.

वर्तुळाचं काय होतं तेही बघा. घरं भरून काढलेली गोल कड पायऱ्यापायऱ्यांची होते. पायरी कुठे द्यायची, कुठे एक घर जास्त सोडायचं, यावर मोराची मान डौलदार होते किंवा काठीसारखी ताठ. हे कोणत्याही सूत्रात बसत नाही, तो हाताचा सराव आहे. माझ्या मते ग्राफिकच्या विद्यार्थ्यांनी अक्षररचनेइतकंच लक्ष देऊन हे शिकायला हवं.

टॉवेलमध्ये शिकण्यासारखं काय?

रचना. सोलापूरचा टेरी टॉवेलही चादरीइतकाच नावाजलेला आहे. टॉवेलला दोन ताणे असतात : एक घट्ट, एक सैल. दोन आडवे धागे कापडापासून जरा दूर ठेवले जातात, तिसरा आला की आडवे धागे कापडाकडे रेटणारी फणी तिघांना मिळून पुढे ठोकते. घट्ट ताणा जागीच राहतो, सैल ताण्याचे मात्र फुगून वेढे होतात. पाणी शोषणारे ते हेच वेढे. मागाशेजारी उभं राहून फणीचा ठोका मोजा, एक-दोन-तीन ऐकू येतं.

भिंतीवर लावायची विणलेली चित्रंही इथे होतात, देवादिकांची आणि थोरामोठ्यांची. हातमागावर जकार्डच्या मदतीनं चेहरा विणतात, तेव्हा गालावरची सावली फक्त धाग्यांच्या गुंफणीनं आणावी लागते. असा माग बघायला मिळाला, तर दिवसातलं दुसरं काहीही रद्द करा.

कारखान्यात आत सोडतात का? कसं विचारायचं?

ओळख असेल तर उत्तम. नसेल तर कॉलेजचं पत्र, आणि आदल्या दिवशी फोन. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत मोठे कारखाने आहेत, पूर्व भागातल्या पेठांमध्ये लहान. लहान ठिकाणी मालक स्वतः हजर असतो आणि त्याला वेळ असेल तर तो मनापासून सांगतो.

सोलापूरच्या विणकरांत तेलुगू बोलणारा पद्मशाली समाज मोठा आहे. तेलंगण-आंध्राकडून पिढ्यांपूर्वी आलेली ही माणसं घरात तेलुगू आणि बाहेर मराठी सहज बोलतात. वडीलधाऱ्या माणसाला ‘अण्णा’, बाईंना ‘अक्का’ म्हणा. ‘अण्णा, जरा उभं राहून बघू का?’ एवढं विचारलंत तरी चालतं. माग चालू असताना मध्ये बोलू नका, खटखटीत ऐकूही येणार नाही. धागा तुटला की माग थांबतो, तेव्हा विचारा. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा माणूस, भेटला तर त्याच्याजवळ थांबा. यंत्राची खोड त्याला ठाऊक असते आणि नक्षीकाराची कोणती हौस मागाला झेपत नाही, हेही.

ओढणी, सैल बाही, लांब मोकळे केस टाळा. चालत्या पट्ट्याजवळ ते धोक्याचं आहे. आणि कामगारांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. ते उकाड्यात, आवाजात तासन्‌तास उभं राहून काम करत असतात. त्यांच्याकडे देखावा म्हणून बघितलं की त्यांना लगेच कळतं.

किल्ल्यात डिझाइनच्या विद्यार्थ्यानं काय पाहावं?

भुईकोट किल्ला बहमनी काळातला. दुहेरी तटबंदी, बुरूज, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव. इतिहासाचे फलक वाचाच, पण त्याआधी भिंतीकडे जवळून बघा. तटात जुन्या देवळांचे कोरीव दगड बसवलेले दिसतात. कुठे अर्धं फूल, कुठे खांबाचा तुकडा आडवा घातलेला, कुठे फारसी शिलालेख. वेगवेगळ्या काळांचे हात एकाच भिंतीत आहेत. एक दगड निवडा आणि तो मूळ जागी कसा असेल, ते वहीत पूर्ण करून काढा. हा सराव करणाऱ्यांना देवळाच्या खांबाचे भाग, त्यावरच्या पट्ट्यांचा क्रम, कायमचा लक्षात राहिलेला मी पाहिला आहे.

सिद्धेश्वर मंदिर आणि गड्ड्याची यात्रा यांचा डिझाइनशी काय संबंध?

मंदिर तलावात आहे आणि बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांचं आहे. एरवी शांतपणे बघता येतं. पण जमलं तर मकर संक्रांतीच्या दिवसांत, गड्ड्याच्या यात्रेला या. सात नंदीध्वज निघतात, शहराभोवतीच्या ६८ लिंगांना भेट देतात, आणि अक्षता सोहळा होतो. एका कुंभारकन्येनं सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह लावायला सांगितलं, अशी कथा. नंदीध्वज हा त्या योगदंडाचा मान.

आता हीच गोष्ट वस्तू म्हणून बघा. उंच काठी, वर सजावट, आणि ती सगळी एका माणसानं तोलून धरायची. वजन कुठे आहे? सजावट वर वाढली की तोल कसा सांभाळतात? मागे-पुढे असलेली माणसं केव्हा हात लावतात? भोवती पांढऱ्या बाराबंदीतला समुदाय असतो. बाराबंदी हा बंदांनी बांधायचा अंगरखा, त्याला बटण नाही. अंगाला नेमका बसतो, आणि हात वर करून ओझं धरताना ओढत नाही. पोशाखाच्या विद्यार्थ्यांनी त्याची बेतणी जाणत्या शिंप्याकडून समजून घ्यावी. पांढऱ्या रंगामुळे गर्दीतही काठीचा मानकरी आणि प्रेक्षक लांबून ओळखू येतात, ही तर नियोजनाची गोष्ट झाली.

श्रावणात, नारळी पौर्णिमेला पद्मशाली समाजाच्या मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव असतो, तोही असाच बघण्याजोगा.

डॉ. कोटणीस स्मारक का सुचवता? ते तर डॉक्टर होते.

द्वारकानाथ कोटणीस सोलापुरात जन्मले, १९१० मध्ये. १९३८ मध्ये भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकात ते होते. युद्धात जखमींवर उपचार करताना ते तिथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. भैय्या चौकातल्या त्यांच्या घराचं स्मारक झालं आहे.

एखाद्या माणसाचं आयुष्य छायाचित्रांतून आणि खोल्यांतून कसं सांगायचं, हा प्रदर्शन-रचनेतला अवघड प्रश्न आहे, आणि इथे तो तुमच्या समोर उभा असतो. कुठे तुम्ही आपोआप थांबलात? कोणती ओळ न वाचता पुढे गेलात? उजेड कुठून येतो? स्मारकाचा आदर ठेवून हे प्रश्न स्वतःला विचारता येतात. मला वाटतं, चांगलं प्रदर्शन करायची इच्छा असलेल्याला असं घर शंभर चकचकीत दालनांपेक्षा जास्त देतं, कारण इथे घर आणि माणूस खरोखर एकमेकांचे होते.

इंद्रभुवन आत जाऊन बघता येतं का?

ती महापालिकेची इमारत आहे, कामकाज चालतं. आप्पासाहेब वारद यांचा हा वाडा. बाहेरून दर्शनी भाग, कमानी आणि नक्षीकाम रेखाटायला भरपूर आहे. आत जायचं तर कार्यालयीन वेळेत परवानगी विचारा.

पूर्व भागात फिरायचं म्हणजे काय बघायचं?

पाट्या. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चार भाषा रोजच्या वापरात आहेत. एकाच दुकानाच्या फळीवर दोन लिप्या शेजारी नांदताना दिसतात. देवनागरीला शिरोरेघ आहे, तेलुगू-कन्नडला गोलाई आहे, उर्दू उजवीकडून येते. जुन्या, हातानं रंगवलेल्या पाट्यांवर रंगाऱ्यानं त्यांचं वजन कसं जुळवलं आहे ते बघा : कुणी तेलुगू अक्षर जरा मोठं काढतो, कुणी देवनागरीची रेघ जाड करतो. छापील फ्लेक्समुळे या पाट्या झपाट्यानं जात आहेत. दिसली की नोंद करा. गल्ली, दुकान कशाचं, रंग कोणते, इतकं तरी लिहा.

याच भागात १८७० च्या दशकापासून गिरण्यांच्या आधारानं वस्ती वाढली. गिरण्या बंद पडल्या. पण १९३० मध्ये ब्रिटिशांनी शहरात लावलेला मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे हे चार हुतात्मे गावाच्या मनात अजून ताजे आहेत. त्यांच्या नावाचा चौक वाटेत लागेल, तिथे थांबा.

दुसरा दिवस मिळाला तर?

तेरला जा. धाराशिव जिल्ह्यात आहे, सकाळी लवकर निघावं लागेल. हे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी वर्णनात तगरहून भडोच बंदरात साधं कापड आणि मलमल जात असल्याची नोंद आहे. चादरीच्या गावाहून निघून दोन हजार वर्षांपूर्वीच्या कापड-व्यापाराच्या गावी पोचणं, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. तिथलं रामलिंगप्पा लामतुरे शासकीय संग्रहालय लहान आहे आणि अप्रतिम आहे. सातवाहनकाळातल्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या, आणि हस्तिदंताची स्त्रीमूर्ती, जिची तुलना अभ्यासक पॉम्पेईत सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी करतात. मातीच्या मूर्तींची केशभूषा आणि दागिने एकेक करून रेखाटा. तेर हे संत गोरोबाकाकांचंही गाव, आणि ते कुंभार होते.

अक्षरांची ओढ असेल तर हत्तरसंग कुडल. भीमा आणि सीना यांच्या संगमावर संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आहे. त्यातल्या मराठी ओळीचा आशय ‘जो हे वाचेल तो विजयी होईल’ असा. तिथलं ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंगही बघा : एकच आकार इतक्या वेळा कोरताना कारागिरानं ओळी कशा बसवल्या आहेत, ते मोजपट्टीनं तपासण्यासारखं आहे.

शस्त्रं आवडत असतील तर अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रसंग्रहालय. मुठींची घडण बघा, पात्यापेक्षा मुठीत हाताचा विचार जास्त असतो. आणि विजयपूरला गेलात तर गोल घुमटाबरोबर इब्राहिम रोजा चुकवू नका. तिथे दगडी जाळीतच अक्षरं कोरली आहेत.

राज्य शासनाची संग्रहालयं सहसा सोमवारी बंद असतात, केंद्रीय पुरातत्त्व खात्याची शुक्रवारी. त्याप्रमाणे वार निवडा.

सोलापूरचं चित्रकलेशी काही नातं आहे का?

मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म याच जिल्ह्यातल्या पंढरपूरचा, १९१५ चा. शहरात चित्रप्रदर्शनं भरतात, पण ठरावीक वेळापत्रक नसतं. आलात त्या दिवशी भरलेलं असेल तर जरूर जा.

फोटो काढावेत की रेखाटनं करावीत?

आधी रेखाटन, मग फोटो. फोटो काढला की डोळा सुटतो, ‘घरी जाऊन बघू’ म्हणतो. रेखाटायला बसलं की प्रश्न पडतात : ही रेघ कुठे संपते, हा धागा वरून गेला की खालून? आणि तो प्रश्न लगेच समोरच्या माणसाला विचारता येतो. चित्र सुंदर येण्याची गरज नाही. माप लिहा, धागे मोजा. त्यासाठी भिंग आणि लहान पट्टी जवळ असू द्या. इंचातले धागे मोजलेली एक नोंद, पंचवीस फोटोंपेक्षा पुढे कामाला येते.

इथल्या नक्षी माझ्या प्रोजेक्टमध्ये वापरल्या तर चालेल?

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. दुसरीकडे विणलेला माल ‘सोलापुरी चादर’ म्हणून विकता येत नाही. कायद्यापलीकडेही एक गोष्ट सांगतो. मयूरपंखाची नक्षी उचलून मगवर किंवा मोबाइलच्या कव्हरवर छापली, तर त्यात सोलापूरचं काही राहत नाही, कारण ती नक्षी दोन थरांना बांधण्यासाठी घडली होती. घ्यायचं तर ते तत्त्व घ्या : एकाच कृतीतून दोन बाजू, बांधणीतूनच सजावट. प्रोजेक्टमध्ये कारखान्याचं आणि विणकराचं नाव, त्यांना विचारून, लिहा. आणि काम झालं की त्यांना नेऊन दाखवा. हे फार थोडे जण करतात.

कोणत्या महिन्यात यावं? जेवणाचं काय?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि दुपारी बाहेर फिरणं अशक्य होतं. जेवायला कडक भाकरी, शेंगांची चटणी, वर दही. शेंगापोळी बांधून घ्या, टिकते.

चादर विकत घ्यायची तर कशी पारखायची?

दोन्ही बाजू बघा, नक्षीच्या कडा मागेही तितक्याच स्वच्छ हव्यात. चिमटीत धरून दोन थर वेगळे होतात का बघा. किनार सरळ आणि घट्ट हवी. वजन हातात जाणवायला हवं. सूत शुद्ध आहे का अशी शंका असेल, तर कडेचा सुटा धागा दुकानदाराला विचारून जाळून पाहा : सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते, कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गुठळी होते. पहिल्या धुण्यात रंग जाण्याची शक्यता असते, म्हणून गार पाण्यात वेगळी धुवा. आणि घेतलेली चादर कुठल्या मागावरची, नक्षी कुणी बसवली, हे दुकानात विचारून वहीत लिहून ठेवा. दुकानदाराला माहीत नसलं, तर तो बहुतेक वेळा फोन लावून विचारतो.